तळ्याची वहिवाट आणि शाबितीचा बोजा: महाडच्या दाव्याचा अभ्यास

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच तळ्यावरून पुढे सव्वानऊ वर्षे दिवाणी दावा चालला, तो महाडच्या कोर्टातून ठाण्याला आणि तिथून मुंबई हायकोर्टात गेला, याची चर्चा मात्र फार थोड्या ठिकाणी होते. कायद्याच्या वर्गात रूढी आणि कायदा यांचे नाते समजावताना इंग्लंडच्या गावांतली उदाहरणे दिली जातात. सावित्री नदीच्या काठचे हे प्रकरण त्याहून कितीतरी जास्त शिकवते, म्हणून ते सुरुवातीपासून मांडावेसे वाटले.

दाव्याचा गाभा साधा होता. वादी महाडचे स्पृश्य हिंदू. प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे काही सहकारी. दोन्ही बाजू आपापल्या समाजाच्या वतीने उभ्या होत्या, म्हणजे निकाल सगळ्या स्पृश्यांना आणि सगळ्या अस्पृश्यांना लागू व्हायचा होता. वाद्यांची मागणी अशी की तळे आमचे आहे, त्याचे पाणी फक्त आम्हीच वापरत आलो आहोत, अस्पृश्यांना तिथे येण्याचा हक्क नाही असे कोर्टाने जाहीर करावे आणि त्यांना कायमची मनाई करावी.

कोकणातल्या माणसाला वहिवाट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गडगा हातभर पुढे सरकला, आगरातून माडाकडे जायची वाट कोणी काटे टाकून बंद केली, सामाईक विहिरीवरचा रहाट काढून नेला, की माणूस तहसील गाठतो. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आजही त्यासाठी वापरला जातो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले तर मामलेदार वाट मोकळी करून देऊ शकतो. "आमच्या आजोबांपासूनची वाट आहे" हे वाक्य इथल्या कुठल्याही कोर्टाच्या आवारात ऐकू येते आणि ते बहुतेक वेळा गरिबाच्याच कामी येते. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्याकडे वहिवाट असते. महाडच्या वाद्यांनी हीच ढाल हाती घेतली, पण ती दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी.

दाव्याच्या शंभर वर्षे आधीचे एक कलम

वाद्यांचा आधार लंगडा नव्हता. मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली जी रेग्युलेशने झाली, त्यांतल्या चौथ्या रेग्युलेशनचे २६ वे कलम दिवाणी न्यायाधीशाला सांगत होते की आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे पाहा, ते नसतील तर त्या मुलखाचा रिवाज पाहा, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच हाती लागले नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. तळ्यातून पाणी कोणी भरावे यावर सरकारचा कायदा नव्हता. म्हणजे रिवाज. आणि रिवाज काय होता हे सगळ्या महाडला माहीत होते.

वरिष्ठ न्यायालयांचा कलही वाद्यांना धीर देणारा होता. रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या वचनापेक्षा वरचढ ठरतो, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८६८ मध्येच सांगितले होते. १९०८ मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलने तामिळ मुलखातल्या कमुदीच्या देवळात नाडर समाजाला प्रवेश नाही ही रूढी उचलून धरली होती. त्या निकालामागे जी विचारसरणी आहे तीच तळ्याला लावली असती, तर महाडचा दावा वादी जिंकले असते. हे विसरून पुढचा निकाल वाचला, तर तो अटळ होता असे वाटते. तो अटळ नव्हता.

ठराव झाले, पाणी तिथेच

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तशी सूचना दिली. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्या पालिकेचे पुढारी, ते आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ समाजातले दोघे पुढे आंबेडकरांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

म्हणजे १९२४ पासून कागदावर तळे खुले होते. १९२७ पर्यंत एकही अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरायला गेला नाही. का, हे सांगायची गरज नाही. विधिमंडळाच्या ठरावात मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. पालिकेच्या ठरावामागे पालिकेचा शिपाईसुद्धा उभा नव्हता. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या पालिका आणि लोकल बोर्डे हे पाळत नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे. कोरड्या ठरावाने काम होत नाही हे त्यांना तीन वर्षांत उमगले होते.

या भागात या झगड्याला आधीचाही इतिहास आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले, अर्ज आणि लेख लिहीत राहिले. १८९५ मध्ये त्यांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा ते वरिष्ठ जातींच्या सभासदांना रुचले नव्हते. पलटणीत कवायत केलेली, लिहिता-वाचता येणारी आणि सरकारदरबारी अर्ज करायला न घाबरणारी माणसे या किनारपट्टीच्या महारवाड्यांतून दोन पिढ्या तयार झाली होती. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही याच भागातले, मंडणगड तालुक्यातले. म्हणून १९२७ ची परिषद महाडला भरली आणि ती इतकी मोठी भरली.

१९ आणि २० मार्चला कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. दुसऱ्या दिवशी सगळे मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्या वेळाने गावात हूल उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या माणसांवर, बायका-मुलांवर हल्ले झाले. मग तळ्याची शुद्धी झाली. १०८ घागरी पाणी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते परत तळ्यात ओतले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, पालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

तूर्तातूर्त मनाई

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. १२ डिसेंबर १९२७ रोजी वाद्यांनी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा लावला आणि १४ तारखेला तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळवला. दोन दिवस लागले. बोले ठरावाला चार वर्षांत जे बळ मिळाले नव्हते, ते या एका हुकमाला दोन दिवसांत मिळाले. तळ्याचे दार पक्के बंद झाले, आणि आता त्यामागे सरकारची ताकद होती.

या टप्प्याकडे नीट पाहायला हवे, कारण सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे. तूर्तातूर्त मनाईत कोर्ट हक्क कोणाचा हे ठरवत नाही. दावा निकाली लागेपर्यंत जैसे थे राहावे, एवढाच त्याचा हेतू. ऐकायला हे निःपक्षपाती वाटते. पण जैसे थे म्हणजे काय? स्पृश्यांनी पाणी भरायचे आणि अस्पृश्यांनी लांबून पाहायचे, हीच तर स्थिती होती. ती जशीच्या तशी राखणे म्हणजे एका पक्षाला दावा न जिंकताच त्याची मागणी देऊन टाकणे. ज्याला बाहेर ठेवले आहे त्यानेच आधी येऊन हक्क दाखवावा, तोवर बाहेरच थांबावे, असा हुकमाचा व्यवहारातला अर्थ होता. समाजात शाबितीचा बोजा, म्हणजे पुरावा देण्याची जबाबदारी, अस्पृश्यावर होताच, कोर्टाने तो तात्पुरता तसाच त्याच्या पाठीवर ठेवला.

२४ डिसेंबरला मंडळी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाली. बाणकोटच्या खाडीतून आत येऊन २५ तारखेला दासगाव बंदरात उतरली आणि तिथून पायी महाडला आली. परिषदेला जागा देण्यास गावातला कोणी हिंदू तयार नव्हता. मंडप उभा राहिला तो एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर. त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण.

त्या दिवसाचे आंबेडकरांचे भाषण कायद्याच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावे असे आहे. या तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर ते न पिता मेलोही नाही, आपण इथे समतेचा पाया घालायला आलो आहोत, असा त्याचा आशय होता. १७८९ ला व्हर्सायमध्ये भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी त्यांनी महाडच्या मंडपाची तुलना केली. कुलाबा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, हजारो अर्धपोटी शेतमजुरांपुढे.

मग प्रश्न आला: हुकूम मोडायचा का? माणसे तयार होती. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची नावे लिहून घेतली, ती साडेतीन हजारांवर गेली. जिल्हा मॅजिस्ट्रेटने परिषदेत येऊन सांगितले की कोर्टाचा हुकूम आहे, तो मोडाल तर सरकारला तुमच्याविरुद्ध उभे राहावे लागेल, निकालापर्यंत थांबा. रात्रभर खल झाला. शेवटी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला आणि मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला हात न लावता परत फिरली.

यावरून आंबेडकरांना तेव्हा बोल लावले गेले आणि आजही लावले जातात. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचे कारण डावपेचाच्या पलीकडचे आहे. कायदा पाळायचा की मोडायचा हा प्रश्न प्रत्येक अन्यायग्रस्तापुढे येतो, पण प्रत्येकाचे गणित सारखे नसते. ज्याच्यापाशी जमीन, जात, पैसा, ओळखी आहेत, त्याने कायदा मोडला तर तो वीर ठरतो. ज्याच्यापाशी कायद्याखेरीज कोणी पाठीराखा नाही, त्याने तोच हातचा घालवला तर मागे काय उरते? मार्चमध्ये डोकी फुटली तेव्हा हल्लेखोरांवर खटले झाले होते, शिक्षाही झाल्या होत्या. सरकारी यंत्रणा अगदीच परकी नव्हती. समोर स्पृश्य समाज आणि सरकार अशा दोन आघाड्या एकदम उघडायच्या की एकाला तरी निदान तटस्थ ठेवायचे, हा विचार आंबेडकरांनी केला. कोर्ट उलट जाण्याचा धोका होता, वर सांगितलेले निवाडे त्यांना चांगले ठाऊक असणार. तरी त्यांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली आणि दावा लढवला.

पुरावा तपासला तेव्हा

फेब्रुवारी १९२८ मध्ये तूर्तातूर्त मनाई उठली. मूळ दाव्याचा निकाल लागायला जून १९३१ उजाडला. दुय्यम न्यायाधीशांनी दावा फेटाळला. वाद्यांनी ठाण्याला अपील केले, असिस्टंट जज्जांनी जानेवारी १९३३ मध्ये तेही फेटाळले. मग हायकोर्टात दुसरे अपील. तिथे १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी ते फेटाळून लावले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने हा निकाल कायद्याच्या ग्रंथांत छापला गेला. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफिल्ड ते हेच.

तीनही कोर्टांत वादी हरले, पण हरण्याची कारणे वेगवेगळी होती. एरवी वकील एवढ्यावर थांबतात की तळे पालिकेच्या मालकीचे निघाले. ते खरे आहे, पण त्यातून निकाल पुरता समजत नाही. पालिकेच्या तळ्यावरही एखाद्या समूहाचा रूढीने आलेला हक्क असू शकतो.

महाडच्या न्यायाधीशांनी एक गोष्ट वाद्यांच्या बाजूने मान्य केली होती. बऱ्याच काळापासून फक्त स्पृश्यच हे पाणी वापरत आले आणि अस्पृश्य वापरत नव्हते, हे त्यांना शाबीत झालेले दिसले. तरी त्यांनी दावा फेटाळला. एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने वापरणाऱ्या वर्गाला मालकी किंवा दुसरा कुठला कायदेशीर हक्क मिळत नाही, असा त्यांचा विचार. मला सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो, आणि तो हायकोर्टाचा नसून तालुक्याच्या कोर्टाचा आहे. गावच्या वहिवाटीच्या भांडणात आपण नेहमी गल्लत करतो. वीस वर्षे उघडपणे, हक्काने एखादी वाट वापरली तर तिच्यावरून जाण्याचा हक्क मिळू शकतो, सुखाधिकाराचा १८८२ चा कायदा तसे सांगतो. पण मी वीस वर्षे चाललो म्हणून तुला चालू देणार नाही, हा हक्क त्यातून येत नाही. वापरण्याचा हक्क एक, अडवण्याचा हक्क दुसरा. महाडच्या वाद्यांनी पहिल्याचा पुरावा देऊन दुसरा मागितला होता.

ठाण्याच्या आणि मुंबईच्या कोर्टांनी दुसरी वाट धरली. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती पुरातन, निश्चित आणि वाजवी असावी लागते. इथे ती पुरातन, म्हणजे माणसाच्या आठवणीपलीकडची असल्याचे वाद्यांनी शाबीत केले नाही. हायकोर्टाने तळ्याचे वर्णन असे केले आहे: चार-पाच एकरांचे, नैसर्गिक, पावसाच्या आणि थोड्या झऱ्यांच्या पाण्यावर भरणारे, भोवती पालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे स्पृश्यांची घरे. ते कधी आणि कसे झाले याचा पुरावा नाही. भोवती वस्ती होण्याआधी एवढ्या मोठ्या नैसर्गिक जलाशयावरून कोणाला हाकलण्याचा खटाटोप कोणी केला असेल, हे न्यायाधीशांना संभवनीय वाटले नाही. शहर तळ्यापर्यंत कधी वाढत आले हेही वाद्यांना दाखवता आले नाही. मग ही मनाई अनादि काळापासूनची, असे कशाच्या जोरावर म्हणायचे?

इथे बोजा फिरला. १९२७ च्या डिसेंबरात अस्पृश्यांना सांगितले गेले होते की तुमचा हक्क दाखवा, तोवर लांब राहा. १९३७ च्या मार्चमध्ये स्पृश्यांना सांगितले गेले की अडवणारे तुम्ही आहात, तेव्हा पुरावा तुम्ही द्या. तळे तेच, माणसे तीच, मधल्या काळात कुठला नवा कायदाही झालेला नव्हता. बदलले ते एवढेच, की कोणी उत्तर द्यायचे. शतकानुशतके "असेच चालत आले आहे" हे वाक्य ज्यांच्या तोंडी हुकमासारखे होते, त्यांना पहिल्यांदाच विचारले गेले: कधीपासून? कशावरून? आणि त्यांना सांगता आले नाही.

कायद्याच्या तत्त्वज्ञानात रूढीवर दोन मोठे पक्ष आहेत. जर्मन विचारवंत सॅव्हिन्यी म्हणतो की कायदा लोकांच्या अंतःकरणातून, त्यांच्या चालीरीतींतून उगवतो, राजाने तो वरून लादायचा नसतो. वाचायला हे सुंदर आहे. महाडला मात्र पहिलाच प्रश्न अडतो: लोक म्हणजे कोण? वाद्यांच्या चालीतून कायदा उगवायचा, मग प्रतिवादी लोकांत मोडत नव्हते का? दुसरा पक्ष इंग्लंडच्या जॉन ऑस्टिनचा. कोर्ट जोवर रूढीला आपले बळ देत नाही तोवर ती समाजाची नीती असते, कायदा नसते, असे त्याचे म्हणणे. ऑस्टिनवर आज कोणी फारसे विसंबत नाही, पण महाडच्या दाव्यात नेमका हाच निर्णय कोर्टाच्या हाती होता. गावची सवय सरकारच्या पोलिसाच्या हाती सोपवायची की नाही? विसाव्या शतकात इंग्लंडच्याच एच. एल. ए. हार्ट या कायदेपंडिताने आणखी एक भेद दाखवला: नियम मनापासून आपला मानून पाळणे वेगळे आणि धाकापोटी पाळणे वेगळे. अस्पृश्य तळ्यावर जात नव्हते यातून त्यांना ती रूढी मान्य होती असे दिसत नाही, काठी दिसते. न वापरणे म्हणजे संमती नव्हे, हे महाडच्या दुय्यम न्यायाधीशांना हार्टच्या तीस वर्षे आधी पुराव्यावरून दिसले होते.

हायकोर्टाने जे हातात घेतले नाही

ही रूढी वाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, या प्रश्नात हायकोर्ट शिरले नाही. पुरातनत्वच शाबीत नाही, तेव्हा पुढे जायचे कारण नाही, असे म्हणून ते थांबले. काटेकोर न्यायपद्धतीत हे बरोबर आहे. तरी मला ते खटकते. उद्या दुसऱ्या गावचे वादी जुनी कागदपत्रे घेऊन आले असते, दोनशे वर्षांचा पुरावा दाखवला असता, तर? अन्याय पुरेसा जुना असला तर तो हक्क होतो का, याचे उत्तर निकालात नाही. शिवाय दावा फेटाळला म्हणजे वाद्यांना मनाई हुकूम मिळाला नाही, एवढेच. अस्पृश्यांना पाणी भरू द्या असा आदेश कोणाला दिलेला नव्हता. सरकारची काठी स्पृश्यांच्या हाती गेली नाही, पण स्वतःची काठी त्यांच्याकडे होतीच. शेत कसायला न देणे, मजुरीला न बोलावणे, दुकानातून माल न देणे, यांतले काहीच कोर्टाच्या कक्षेत येत नव्हते.

आंबेडकरांनी हे ओळखले होते, असे त्यांच्या पुढच्या पावलांवरून दिसते. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती, म्हणजे खोतामार्फत गावचा सारा वसूल करण्याची पद्धत, हीही कोकणातली वहिवाटच. तिच्याबाबत त्यांनी ती किती जुनी हे तपासत बसण्याचा मार्ग घेतला नाही, कायद्याने ती संपवायचीच असा पवित्रा घेतला. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही, खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

आणि १९५० च्या संविधानात महाडचा दावा ओळीओळीला भेटतो. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे, आणि राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः सांभाळलेली ही त्यातली अट बोले ठरावाच्या अगदी जवळची आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. पण हायकोर्टाने अर्धवट ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर अनुच्छेद १३ मध्ये आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत, असे तिथे म्हटले आहे, आणि कायदा या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठ हेही धरले आहेत. १८२७ च्या रेग्युलेशनने रिवाजाला सरकारच्या कायद्याखालोखाल दुसरे आसन दिले होते. १९५० पासून त्याला त्या आसनावर बसण्यापूर्वी समतेच्या कसोटीला उतरावे लागते. कितीही जुना असो.

तरीही कायद्यावर सगळा भरवसा ठेवू नका असे सांगणारेही आंबेडकरच आहेत. १९४३ च्या जानेवारीत रानड्यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात बोलताना ते म्हणाले की हक्कांचे रक्षण कायद्यापेक्षा समाजाची सद्सद्विवेकबुद्धी करते, आणि समाजच उलटा उभा राहिला तर संसद किंवा न्यायालय कोणालाच हक्काची खरी हमी देता येत नाही. महाडचा दावा जिंकून सहाच वर्षे झालेल्या माणसाचे हे शब्द आहेत.

शाबितीचा बोजा आज

अस्पृश्यता गुन्ह्यांचा १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात नदी, झरा, विहीर, तळे, नळ अशी पाणवठ्यांची यादी आहे. त्याहून महत्त्वाचे त्याचे बारावे कलम. या कायद्याखालचे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे कोर्टाने गृहीत धरायचे, आणि तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. महाडला तीन कोर्टांनी पुरावा चाळून जे केले ते इथे विधिमंडळाने एका वाक्यात केले. उत्तर अडवणाऱ्याने द्यायचे.

रायगड-रत्नागिरीत आज वाद तळ्याचा कमी आणि गावकीचा, म्हणजे गावच्या पारंपरिक पंचायतीचा, जास्त असतो. गावकीचा दंड भरला नाही, देवळाच्या मानावरून बिनसले, निवडणुकीत भलत्याला मत दिले, आंतरजातीय लग्न केले, की घर वाळीत पडते. तो अनेकदा एकाच जातीतला मामला असतो, त्यामुळे १९५५ चा कायदा तिथे पोचत नाही. महाराष्ट्राने यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. १३ एप्रिल २०१६ रोजी तो विधिमंडळात संमत झाला आणि जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अडचण पुराव्याची आहे. वाळीत टाकलेल्या घराशी बोलायचे नाही असे वाडीने ठरवले, तर त्या बैठकीचा साक्षीदार वाडीबाहेरचा कोण असणार? जे होते ते सगळे त्या ठरावात सामील. जो बोलेल तो उद्या त्याच यादीत. म्हणून तक्रारदाराला आडून पुरावा गोळा करावा लागतो: लग्नाच्या निमंत्रणातून वगळलेले नाव, मयताला कोणी न आल्याने बाहेरगावाहून बोलावलेले खांदेकरी, अचानक बंद झालेली किराणा उधारी, मोबाइलवर फिरलेला निरोप. प्रत्येक गोष्टीला आरोपीकडे निरुपद्रवी खुलासा तयार असतो.

म्हणून कलम १२ सारखे गृहीतक बहिष्काराच्या खटल्यांनाही मिळायला हवे असे माझे मत आहे, मात्र मर्यादित. फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष धरण्याचे तत्त्व सैल करणे ही हलकी गोष्ट नाही, आणि गावातल्या वैरातून खोटी तक्रार होऊ शकते. आधी तक्रारदाराने एवढे शाबीत करावे की एकाच काळात, एकाच वाडीतल्या अनेक घरांनी त्याच्याशी व्यवहार तोडला. ते शाबीत झाल्यावर, तो योगायोग होता की ठरवून केले होते, हे सांगण्याची जबाबदारी गावकीच्या कारभाऱ्यांवर यावी. तोवर शाबितीचा सगळा बोजा वाळीत पडलेल्या घरावरच राहतो, आणि साक्षीदार मिळाला नाही तर खटला तिथेच संपतो.